डे लिली घेतली, फुलली, मग बसली रुसून: जळगावच्या नर्सरीचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो लेबलांसाठी आणि त्या बिननावाच्या 'फूल टॉनिक'च्या बाटलीसाठी, दोन्हीचं खाली येईलच. नर्सरी जळगावहून भुसावळकडे जाताना हायवेलाच लागून आहे, नाव इथे मुद्दाम टाकत नाही कारण तक्रारीही लिहायच्यात आणि मालक आबा म्हणजे माणूस सोन्यासारखा आहे, उगाच त्यांना त्रास नको. ज्याला पाहिजे त्याने मेसेज करा, लोकेशन पाठवते.

हा रिव्ह्यू कोणासाठी, तर ज्यांनी हौसेने डे लिली आणली, आणली तेव्हा फुललेली होती, घरी आठ-दहा दिवस फुलली आणि मग नुसती पानंच पानं, अशा सगळ्यांसाठी. आमच्या कॉलनीतच असे चार जण निघाले आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, नर्सरीवाल्याने फसवलं. तर तसं नसतं, निदान दर वेळी नसतं, आणि जळगावच्या उन्हातही तिला परत फुलवता येतं, फक्त पुण्या-नाशिकवाल्यांचे व्हिडिओ बघून नाही.

आधी ऑनलाइनचं सांगते कारण सुरुवात तिथूनच झाली. एका मोठ्या ॲपवर 'डे लिली बल्ब, मिक्स कलर, वर्षभर फुलणारे' असं होतं, फोटोत निळी, जांभळी, चॉकलेटी, सगळी फुलं. मागवले. आले ते छोट्या कांद्यासारखे गड्डे, लावले, पावसाचे दोन शिंतोडे पडले आणि गुलाबी रेन लिली फुलली! छान आहे ती पण, पण ती आपल्याकडे कोणीही फुकट देतं हो. परत करायला गेलं तर 'लाइव्ह प्लांट रिटर्न होत नाही' असा मेसेज. म्हणून आता हे पाठच करून ठेवा: डे लिलीला कांदा नसतोच. तिला जाड, मांसल मुळ्या असतात, शतावरीच्या मुळ्या पाहिल्या असतील तर साधारण तशा, आणि वर पंख्यासारखी दोन बाजूंना पसरलेली पानं. कोणी 'डे लिलीचा बल्ब' म्हणून कांदा दिला की तो दुसरंच काहीतरी देऊ राहिला असं समजा. आणि निळी डे लिली जगात नाहीये. 80 हजारांच्या वर जाती नोंदल्या गेल्यात तिच्या, पण खरा निळा रंग अजून कोणाला काढता आलेला नाही, त्यामुळे निळा फोटो दिसला की ॲप बंद करायचं.

आबांच्या नर्सरीत मला पहिल्यांदा आवडलं ते हे की त्यांनी पिशवी फाडून दाखवली. म्हणजे मी म्हटलं आबा, खरंच डे लिली आहे ना, मागच्या वेळी फसले, तर त्यांनी सरळ एक पिशवी कापली, कोकोपीट झटकलं, बादलीत मुळ्या धुतल्या आणि हातात दिलं. पांढरट पिवळ्या मुळ्या, मध्ये मध्ये फुगलेल्या, आणि वर तीन फुटवे एकाला एक चिकटलेले. म्हणाले, "ताई, एक फुटव्याचं घेऊ नका, स्वस्त पडतं पण वर्षभर तोंड पाहत बसाल. तीन-चार फुटव्याचं घ्या." त्याचं कारण मला नंतर कळलं. ज्या फुटव्याने एकदा फुलाचा दांडा दिला, त्याच्याकडून लगेच दुसऱ्याची आशा धरायची नाही, बहुतेक वेळा नवा दांडा येतो तो शेजारच्या फुटव्यातून किंवा बाजूला नव्याने निघालेल्या कोंबातून. काही जाती त्याच फुटव्यातून लागोपाठ दुसरा दांडा काढतात, पण त्या वेगळ्या. मग एकच फुटवा असेल तर परत फुलणार कोण? ऑनलाइनवाले नेमका एकच पाठवतात.

दीडशे रुपये पिशवी, धुळ्याकडे याहून स्वस्त मिळते असं नणंद म्हणते, असेल. मी पिवळ्या घेतल्या, एक गडद लाल आणि एक ती जुनी नारिंगी. दिवाळीनंतर लावल्या. थंडीतली लागवड चांगली असं आबाही म्हणाले आणि पटतंय, कारण आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेलं झाड मुळं धरायच्या आतच एप्रिल अंगावर येतो.

फुलं पहिल्यांदा आली फेब्रुवारी-मार्चला. आता फुलाबद्दल, म्हणजे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. पानांच्या मधून आधी एक गोल, टणक दांडा वर येतो, पान चपटं असतं आणि हा गोल, हाताने चाचपलं की लगेच कळतं. त्याच्या टोकाला कळ्यांचा झुपका, लहान मोठ्या, एकाच वेळी कधीच फुलत नाहीत. उद्या कोणती उमलणार ते आज संध्याकाळी सांगता येतं, ती कळी फुगते आणि हिरव्याची पिवळी होते. सकाळी चहा होईपर्यंत उमललेली असते, आणि संध्याकाळी संपलं. एकच दिवस. आपल्याकडे मार्चअखेरचं ऊन असेल तर चार वाजताच पाकळ्या लिबलिबीत होतात, बोटाला चिकटतात. लाल फुलाचं तर दुपारी दोनलाच काळपट फडकं झालं, कारण गडद रंग उन्हात टिकत नाहीत, फिका पिवळा आणि लिंबू रंग टिकतो. आबांनी हे घेतानाच सांगितलं होतं पण लाल रंग पाहून कोणाचा जीव राहतो.

मग आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधीच सगळं थांबलं. पानं हिरवीगार, अगदी लुसलुशीत, दांडा एकही नाही. आबांना फोन लावला. इथे त्यांच्या सर्व्हिसला पूर्ण मार्क, दोनशे रुपयात घरी येऊन बघून जातात, त्यात खत-औषध काही विकायचा आग्रह नाही (त्यांचा मुलगा करतो, त्याचं सांगते पुढे). आले, चप्पल काढून वाफ्यातच उकिडवे बसले, बुडाशी बोट घालून माती उकरली आणि म्हणाले, "झाड आतून मुळं बांधू राहिलं ताई, अन् तुम्ही वरून फुलं मागू राहिल्या."

मुद्दा असा की नर्सरीत ती फुललेली असते ती पॉलिहाऊसमधल्या खतापाण्यावर, पिशवीत असतानाच दांडा आतून तयार झालेला असतो. तुमच्याकडे जी फुलं आली ती खरं तर नर्सरीची कमाई. जागा बदलली की नवीन लावलेलं झाड आधी मुळांचं बघतं आणि बऱ्याचदा पहिला हंगाम त्यातच जातो, दुसऱ्या वर्षापासून खरा रंग दिसतो. पण त्याच वर्षी परत फूल पाहिजे असेल तर काय करायचं, ते आबांनी बसल्या बसल्या दाखवलं आणि तेच या रिव्ह्यूचं खरं मटेरियल आहे.

पहिली गोष्ट बोंडं. फूल गळून गेल्यावर मागे जो हिरवा फुगवटा राहतो ना, त्यात बी धरतं, आणि एकदा बी धरायला लागलं की झाडाची सगळी ताकद तिकडे. ते बोंड खुडायचं. वाळलेली पाकळी नुसती ओढून काढली तर बोंड तिथेच राहतं, म्हणून फुलाच्या मागच्या देठाला बोट लावून कडेला वाकवायचं, टच्च आवाज होऊन निघतं. आणि दांड्यावरची शेवटची कळी झाली की अख्खा दांडा बुडापासून कापायचा. आता आमचे मिस्टर पारोळ्याकडचे, घरी कपाशी, त्यांना बोंड तोडताना पाहवेना! "अगं फळ धरलंय, राहू दे की" म्हणून त्यांनी माझ्या नकळत तीन दांडे ठेवलेच होते, आणि आबांनी ते पाहून इतकं हसून घेतलं की बस. कापसाच्या जिल्ह्यात बोंड तोडायला सांगायचं म्हणजे खरंच जिवावर येतं. बाकी त्या जुन्या नारिंगीला बोंड धरतच नाही, ती मुळांनीच पसरते, पण ती वर्षातून एकदाच फुलणारी आहे, तिच्याकडून दुसऱ्या बहराची अपेक्षा नको. ती कुंपणाला लावा आणि विसरून जा.

दुसरी खोली. डे लिलीचं बूड, म्हणजे जिथे पान आणि मूळ भेटतं ती जागा, मातीच्या खाली एखाद इंचच पाहिजे, आबांच्या भाषेत अंगठ्याच्या अर्ध्या पेराएवढी. जास्त खोल गेली की पानं येतात, फूल येत नाही. आपली काळी माती याबाबतीत डेंजर आहे, पाणी दिलं की फुगते, वाळली की भेगा, आणि झाड हळूहळू खाली बसतं, वरून चिखल चढतो. माझ्या वाफ्यातल्या दोन झाडांचं बूड चांगलं दोन-अडीच इंच आत गेलेलं होतं. ती उचलून, जमीन वीतभर उंच करून, माती-शेणखत-वाळू मिसळून परत लावली. वाळू गिरणा नदीची मिळाली तर उत्तम पण आजकाल जळगावात सोनं पटकन मिळेल, वाळू नाही, शेवटी बांधकामावरून दोन घमेली मागून आणली. काळ्या मातीत पाणी साचून बूड सडतं हे तर वेगळंच, पावसाळ्यात जास्त.

तिसरी गोष्ट खत, आणि इथे आमच्या माळीबुवांचा हात होता. ते प्रत्येक झाडाला मूठभर युरिया टाकतात, गुलाब असो की कडीपत्ता. त्यानेच ती पानं इतकी लुसलुशीत झालेली. नत्र जास्त झालं की डे लिली पानांतच रमते. आबांनी सांगितलं की युरिया बंद, पहिला बहर संपल्यावर कुजलेलं शेणखत नि थोडी निंबोळी पेंड, आणि परत दांडे हवे असतील तर पाण्यात विरघळणारं 0:52:34 खत (नत्र शून्य, नुसतं स्फुरद-पालाश) अगदी चिमूटभर, पंधरा दिवसांनी एकदा. हे कोणत्याही कृषी केंद्रात मिळतं, केळीवाल्यांकडे तर पोत्याने पडलेलं असतं, रावेर-यावलकडे कोणी नातेवाईक असेल तर विकत पण घेऊ नका, पुडी बांधून मागा. पण हे मे महिन्यात नाही! मेमध्ये 44-45 डिग्रीत झाडाला काही खायला घालायचं नाही, नुसतं पाणी आणि सावली. तेव्हा ती झोपल्यासारखी असते, पानांची टोकं जळतात, लोक घाबरून उपटून टाकतात. उपटू नका. हिरवी पानंही कापू नका, त्याच पानांवर पुढचा दांडा तयार होतो, पिवळी पडलेली तेवढीच ओढून काढा.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर ते उन्हाचं नाही, लोहाचं. आपली माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, त्यात लोह असूनही झाडाला घेता येत नाही. चिलेटेड फेरस फवारलं की आठवड्यात फरक दिसतो.

ऊन किती, यावर इंटरनेटवर सगळीकडे सहा तास लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे, कमी उन्हात ती फुलत नाही. पण कोणते सहा तास हे कोणी सांगत नाही. खान्देशात सकाळचे पाहिजेत. पूर्वेची भिंत, बारापर्यंत ऊन, मग सावली, बस. पश्चिमेच्या भिंतीला माझी एक कुंडी होती, संध्याकाळी सातलाही त्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा, तिथे कळ्या यायच्या आणि उमलायच्या आधीच गळायच्या. पन्नास टक्क्यांची हिरवी नेट बांधली तेव्हा थांबलं. कळ्या गळण्याचं दुसरं कारण पाणी. रोज वरून पाईपने शिंपडायचं नाही, आठवड्यातून दोनदा पण मुळापर्यंत जाईल असं द्यायचं, कुंडी असेल तर उन्हाळ्यात रोज. मी ठिबकची नळी फिरवून प्रत्येकाला एक ड्रिपर दिलाय, जळगावात राहून ठिबक नाही लावायचं तर कुठे. वरून उसाचं पाचट अंथरलं, फक्त बुडाला टेकू द्यायचं नाही.

तर रिझल्ट. मृग बरा बरसला, जूनमध्ये शेणखत दिलं, जुलैमध्ये बाजूने नवे कोंब फुटले आणि श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रविवारी पिवळ्या झाडात गोल दांडा लागला बोटाला. मी पानच समजून सोडून देणार होते, दोन दिवसांत वर आलाच. पहिल्यापेक्षा बुटका, कळ्याही कमी, पण दांडा. आणि फूल पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत टवटवीत राहतं, मार्चसारखं वितळत नाही, रंगही जास्त खुलतो. खरं सांगायचं तर पहिल्या बहरापेक्षा मला हाच आवडला. पुढे गणपतीत अजून दोन झाडांना आले. लालने काही दिलं नाही, आबा म्हणतात पुढच्या वर्षी बघा. नारिंगी अर्थातच नाही. पश्चिमेची कुंडीवाली हलवलीये, तिचं अजून काही खरं नाही.

एका दांड्यावर गंमत झाली, कळ्यांच्या खाली पानांचं छोटंसं झुबकं फुटलं. मी कीड समजले, आबा म्हणाले बाळ आहे ते, दांडा वाळायला लागला की थोड्या दांड्यासकट कापून मातीत लावा, मूळ धरतं आणि अगदी आईसारखंच झाड होतं. लावलंय.

आता तक्रारी. पिशवीवर लेबल होतं 'स्टेला डी ओरो'. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, ही जगातली सगळ्यात गाजलेली परत परत फुलणारी डे लिली, अमेरिकेत 1975 साली नोंदलेली, 1985 ला त्यांच्याकडचं डे लिलीचं सगळ्यात मोठं बक्षीस, स्टाउट मेडल, मिळालेली. पण स्टेला असते बुटकी, फूटभराच्या आत-बाहेर, फूल जेमतेम पावणेतीन इंच. माझ्याकडची निघाली माझ्या गुडघ्याच्या वर आणि फूल तळहाताएवढं! विचारलं तर आबांचा मुलगा म्हणतो, "मॅडम, पिवळी रिपीट फुलणारी म्हणजे स्टेलाच." असं नसतं ना भो. माझ्या नशिबाने हे बरंच झालं, कारण स्टेला थंड मुलखातली, हिवाळ्यात पानं टाकून झोपी जाणारी जात आहे आणि फार गरम भागात तिचा जोर कमी पडतो, आणि माझ्याकडे आलेली थंडीतही हिरवीच राहते, आपल्याकडे अशी सदाहरितच घ्यायला पाहिजे. पण म्हणून चुकीचं लेबल चालतं असं नाही, कोणी नाव बघून पैसे देत असेल तर ती फसवणूकच. घेताना नावाकडे बघूच नका, एवढंच विचारा की डिसेंबर-जानेवारीत पानं राहतात का. आबांना विचारा, मुलाला नाही.

दुसरी तक्रार ती बाटली. मुलगा बिलिंगला बसला की प्रत्येक रोपासोबत 'फूल टॉनिक' खपवतो, बाटलीवर ना कंपनी, ना घटक, ना तारीख. शेजारच्या वहिनींनी घेतली, त्यांच्या झाडाला काही फरक नाही. नको म्हणा सरळ. अजून एक, पिशवीतलं कोकोपीट फार ओलं ठेवतात, घरी आणल्यावर मुळ्या धुवून एकदा बघा, मऊ काळी मूळ असेल तर कापून टाका. आणि पानाच्या मागे नारिंगी पावडर बोटाला लागली तर ते झाड घेऊच नका, तांबेरा आहे तो, शेजारच्या सगळ्या डे लिलींना धरतो. मावा मात्र सगळ्यांनाच येतो, कोवळ्या दांड्यावर, पाण्याचा जोरात फवारा मारला की जातो, नाही गेला तर निंबोळी तेल.

मांजर असेल घरात तर डे लिली आणूच नका, पान चावलं तरी तिची किडनी निकामी होते, हे नर्सरीत कोणी सांगितलं नाही, सांगायला पाहिजे होतं. कुत्र्याला तसा धोका नाही म्हणतात, आमचा मोत्या रोज तिथेच झोपतो, काही झालं नाही.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, म्हणजे कोणत्या रंगाची ते उमललेलं फूल बघून घेता येतं आणि आबाही तेव्हाच भेटतात, नंतर ते शेतात जातात. ऑनलाइन पेमेंटला तिथे रेंज नसते, सुट्टे न्या. गाडी लावायला जागा नाही, हायवेच्या कडेला लावावी लागते, ट्रक जपून. सोमवारी बंद.